घरून आणलेली खुर्ची

अर्जदार : सुभेदारीणबाई, महूच्या पलटणीतील कालकथित सुभेदारांच्या पत्नी, राहणार राऊकडच्या वसाहतीतील पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. गैरअर्जदार : लीज शाखेचे बाबू. तारीख : होळीनंतरचा पहिला सोमवार. साक्षीदार : त्यांची मुलगी सुजाता, खाली सही करणारा, म्हणजे मी, पलासियाला कचेरीच्या फाटकाशी टेबल टाकून अर्ज लिहिणारा, आणि लोखंडी पायांची, हिरव्या कॅनव्हासची एक घडीची खुर्ची.

बाई सरकारी टेबलासमोर कधी उभ्या राहिल्या नाहीत. आमच्या कचेरीत येणाऱ्यासाठी खुर्ची ठेवण्याचा रिवाज नाही. उभा माणूस लवकर थकतो आणि निघून जातो, हे बाबूलोकांना पक्के ठाऊक. म्हणून बाई सुभेदारांची खुर्ची घरून आणीत, टेबलासमोर उघडीत, पदर सावरून बसत आणि मग म्हणत, "हां, आता बोला."

त्यांचा पहिला अर्ज मीच लिहिला. शाळा मी आठवीपर्यंतच पाहिली, परंतु माझ्या हातचा अर्ज भल्या वकिलांनी वाखाणलेला आहे. विधवेच्या अर्जात मी 'गरीब, असहाय' हे शब्द न मागता घालतो. त्याने साहेब विरघळतात. बाईंनी मला अर्ज वाचून दाखवायला लावला आणि त्या शब्दांपाशी मला थांबवले.

"विधवा आहे, ते खरं. गरीब कोण, मुन्शीजी? काटा ते."

मी म्हणालो, असेच लिहिण्याची पद्धत आहे. त्या म्हणाल्या, "पद्धत तुमची, घर माझं." मी काटले.

प्रकरण साधे होते. जमीन सरकारी, भिंती आपल्या. फ्लॅट सुभेदारांच्या नावे लीजवर. लीजची मुदत संपली, त्याच साली सुभेदार गेले. मुदत वाढवणारा बाबू म्हणे, मयताच्या नावाने मुदत वाढत नाही, आधी तुमचे नाव चढवून आणा. नाव चढवणारा बाबू म्हणे, संपलेल्या लीजवर नाव चढत नाही, आधी मुदत वाढवून आणा. दोघांची टेबले एकाच खोलीत, मध्ये फक्त एक कूलर. बाई या टेबलावरून त्या टेबलाकडे खुर्ची उचलून नेत, पुन्हा उघडून बसत. एकदा त्यांनी ती बरोबर कूलरसमोर मांडली आणि दोघांना सांगितले की आता तुम्हीच एकमेकांशी बोला, मी ऐकते.

सुजाता भंवरकुआं भागातल्या एका कोचिंग क्लासमध्ये शिकवते. नवऱ्याचे घर सोडून ती आईकडे परतली, तेव्हापासून तिला दुसरे छप्पर नाही. बाईंची सारी धडपड तिच्यासाठी होती. हे ठाऊक नसलेला बाबू एकदा गोड आवाजात म्हणाला, "माताजी, आप क्यों परेशान होती हो, दामादजी को भेज दो."

"दामाद सोडला, भिया," बाई म्हणाल्या. "फ्लॅट सोडणार नाही."

वैर मात्र त्यांनी कुणाशी धरले नाही. डब्यात जिरावन मसाला घातलेले पोहे आणीत आणि त्याच बाबूपुढे सरकवीत. खाऊन घे म्हणत, काम तर तुलाच करायचं आहे.

एके दिवशी मोठे साहेब आत आले. वाटेत बसलेली बाई पाहून त्यांनी विचारले, "इन्हें कुर्सी किसने दी?" मी त्या दिवशी कागद घेऊन बाईंच्या मागे उभा होतो. बाबूने बोट माझ्याकडे केले.

"कुणी दिली नाही," बाई बसल्याबसल्या म्हणाल्या. "घरून आणली. घर आहे म्हणून आणता आली."

साहेबांनी कागद मागवले, उभ्यानेच वाचले, आणि दोन्ही अर्ज एकत्र घेण्यास सांगितले. पावती मिळाली. बाईंनी त्या दिवशी प्रथमच मला कचोरी खिलवली आणि आपणही खाल्ली.

हुकूम यायचा होता. तो येण्याआधी, गेल्या थंडीत, बाई गेल्या.

सुजाता पावती घेऊन आली, तेव्हा मुदतवाला बाबू म्हणाला, "आवेदक ही नहीं रहीं. अब शुरू से." फाटकातून मला दिसले, ती टेबलासमोर उभी होती. बाईंची मुलगी, उभी. मी टेबल सोडून आत गेलो आणि तिला एवढेच विचारले की खुर्ची कुठे आहे. दुसऱ्या दिवशी ती खुर्ची घेऊन आली.

हयातभर मी हिंदीत अर्ज लिहिले. हा मराठीत लिहितो आहे, कारण बाई मराठीत भांडत, आणि आपल्या माणसांनी साक्षीला यावे अशी माझी इच्छा आहे. यात 'गरीब' हा शब्द नाही, 'दया' नाही, 'आपल्या पायांशी' हे शब्दही नाहीत.

सबब मागणी अशी की, मयत अर्जदाराचे प्रकरण जेथे थांबले तेथूनच पुढे चालवावे, लीजची मुदत वाढवून फ्लॅट कन्या सुजाता हिच्या नावे चढवावा, आणि काय ठरले ते लेखी कळवावे. उत्तर मिळेपर्यंत सदर कन्या आपल्या टेबलासमोर बसून राहील. खाली सही करणाराही तिच्या शेजारी बसेल. त्याने आपली खुर्ची घरून आणली आहे.