उतरल्याचं बक्षीस

मी पहिला होतो. मागे सातजण होते. शर्यत जिथं संपणार ते शाळेचं मैदान दोन फर्लांगावर दिसत होतं. तेवढ्यात पाटलांचं फाटक आलं आणि मी सायकलवरून खाली उतरलो.

कोणी उतर म्हटलं नव्हतं. कोणी डोळे वटारले नव्हते. पाय आपोआप खाली आले. मी चपला काढून हातात घेतल्या, हँडल धरलं आणि मान खाली घालून फाटकासमोरून चालू लागलो. बाजूनं सातही सायकली सुसाट गेल्या. लोक पोट धरधरून हसत होते. फाटक मागे पडल्यावर मी पुन्हा टांग मारली. आठातला आठवा आलो.

महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. शर्यत चिखलीहून निघून आमच्या गावात संपायची. आमच्या वस्तीतल्या माणसानं पाटलांच्या फाटकासमोरून सायकलवर बसून जायचं नाही, ही गावाची रीत. बा पाटलांचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा. त्याला स्वतःला सायकल येत नव्हती, पण उतरायला मला त्यानंच शिकवलं. तेवढा धडा पक्का झाला होता.

चिखलीत रहमानचाचांच्या दुकानात मी पंक्चर काढायचो. शर्यतीची सायकल त्यांनीच जोडून दिली होती. मडगार्ड काढलेली, बेअरिंगचा एकेक छर्रा स्वतः बसवलेली. मैदानावर त्यांनी माझ्याकडे न बघता आधी मागचं चाक फिरवून पाहिलं.

"काऊन उतरला बे? चेन पडली होती का?"

"नाई चाचा. फाटक आलं होतं."

चाक फिरत होतं, ते चाचांनी हातानं थांबवलं.

पाटलांनी पहिल्या तिघांना कप दिले. मग मला पुढे बोलावलं. माइक नव्हता, पण त्यांचा आवाज मोठा.

"पाहा या पोराले! शर्यतीतबी रीत नाई सोडली यानं. याले माह्याकडून टावेल."

टॉवेल त्यांनी वरून सोडला. माझा हात शिवायला नको म्हणून. मी दोन्ही हात पसरून झेलला. टाळ्या पडल्या. पहिल्या आलेल्याला पडल्या नव्हत्या तेवढ्या. गर्दीच्या मागे बा हात जोडून रडत होता. आनंदानं. पाटलांनी आमच्या घरातल्या माणसाचं चारचौघांत कौतुक करावं, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

हसणाऱ्यांचं मला काही वाटलं नाही. बाच्या त्या आनंदाची लाज वाटली. बापाची लाज वाटते म्हणून मग स्वतःचीच किळस आली. टॉवेल मी घरी टाकून दिला. बानं तो उचलून झटकला आणि खांद्यावर घेतला.

वर्षभर मी सायकल हाणली. मेहकरच्या रस्त्यानं, उन्हात, चढावर. दम वाढला, मांड्या घट्ट झाल्या. पण कुठलंही मोठं फाटक दिसलं की बोटं ब्रेकवर जायची. कोणाचं का असेना. वैर पाटलांशी नव्हतंच, या बोटांशी होतं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा पुढे मीच. फाटकापाशी बा उभा. त्याला पाटलांनी उभं केलं होतं की तो आपण होऊन आला होता, मला कधी कळलं नाही.

"उतर रे बाप्पा! पाया पडतो तुह्या, उतर!"

बोटं ब्रेकवर गेली. मी ती उचलली. बाच्या अंगावर धूळ उडवत निघून गेलो. पहिला आलो. पाटील मैदानाकडे फिरकलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बा नेहमीसारखा गोठ्यावर गेला. त्याला फाटकावरूनच परत पाठवलं. तो माझ्यावर ओरडला नाही, त्यानं मारलं नाही. फक्त माझ्याशी बोलणं सोडलं. एका घरात, एका चुलीचं खाऊन, आठ वर्षं. आईला म्हणायचा, "सांग त्याले." मी खामगावला जिंकलो, अकोल्याला जिंकलो, नागपूरपर्यंत गेलो. त्यानं एका कपाला हात लावला नाही. गेला तेव्हा त्या टॉवेलची चिंधी झाली होती, तरी उशाशी तीच. शेवटी तरी माफी माग, असं सगळे म्हणाले. मी त्याचे पाय धरून खूप रडलो. माफी मागितली नाही.

पुढे गुडघा गेला. शर्यती सुटल्या. आता वस्तीतल्या पोरांना शर्यतीची सायकल शिकवतो.

काल माझ्याकडच्या सर्वांत वेगवान पोराचा बाप आला. पाटील मागेच वारले, त्यांच्या मुलाकडे हा सालदार आहे.

"गुरुजी, बाकी काईबी शिकवा. तेवढं फाटकापाशी उतरत जाय म्हना त्याले. तुमचं आयकते तो."

आणि माझ्या पायांशी वाकला. मी त्याला उठवलं, जवळ बसवलं. खोटं सांगितलं नाही.

"तुमचं काम जाईन. घरातलं बोलनं बंद होईन. म्या भोगलं हाये ते."

"मंग?"

"तरी मी त्याले उतर म्हननार नाई."

तो उठला. मग तळतळून म्हणाला, "तुमाले लेकरू नाई म्हून." आणि निघून गेला.

खरं आहे. नाही. त्याच्या घरची चूल विझली तर तो दोष माझा, तो मी घेतो. त्या पोरानं उद्या मलाच विचारलं, की गुरुजी, उतरू का, तर मी नाही म्हणणार. त्याचा बाप समोर उभा असला, तरी नाहीच म्हणणार.