वर्षालीची रेघ

वर्षाली बाळकुमच्या कोळ्यांची पोर. आई मनुबाई अजून मासळी विकते. मुलीने पीएचडी केली ती द्रवातले कण कधी एकजीव राहतात आणि कधी वेगळे होतात, याच्या गणितात. सहा वर्षं नुसते कागद आणि कॉम्प्युटर. एक बरणी ढवळली नाही. म्हणून वागळे इस्टेटमधल्या आमच्या रंगाच्या कारखान्यात ती आली तेव्हा आम्ही हसलो. सगळ्यात जास्त मी, गुणाजी, बावीस वर्षं मिक्सरवर.

त्या उन्हाळ्यात डबे परत यायला लागले. झाकण उघडलं की वर पाणी, खाली चोथा. रंग फुटतोय असं वाटलं की घट्ट करायची पावडर मगभर जास्त टाकायची, ही आमची जुनी रीत. मॅनेजर विनीत सरांनी तीच कागदावर आणली: पावडर दीडपट. त्यावर लॅबतर्फे वर्षालीची सही हवी होती.

तिने साफ नकार दिला. मला तिने समजावलं, की रंगाचे दोन कण जवळ आले की मधल्या फटीत पावडरीचे लांबलचक, गुंतलेले रेणू मावत नाहीत. ते बाहेरून रेटतात, आणि कण एकमेकांना चिकटतात. पावडर वाढली की रेटा वाढतो. एका मर्यादेपलीकडे रंग फुटणारच. मला राग आला. जन्मभर औषध म्हणून जे दिलं, तेच दुखणं?

सर म्हणाले, पंधरा दिवसांत सिद्ध कर, नाहीतर राजीनामा दे. तिने फळीवर सहा बरण्या मांडल्या, पावडर चढत्या प्रमाणात, चौथीत आमचं रोजचं प्रमाण, सहावीत सरांचं. तिसरीनंतर खडूने रेघ मारली. अलीकडचा रंग टिकेल, पलीकडचा फुटेल.

पंधराव्या दिवशी चौथी, पाचवी, सहावी फुटली होती. पण तिसरीही फुटली होती. सरांनी नेमकी तीच उचलली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "कुठे गेलं तुझं गणित?"

"गणित बरोबर आहे सर. त्यात रेघ दुसऱ्या बरणीनंतरच येत होती. पावडर थेट निम्मी करा म्हटलं तर नोकरी जाईल, म्हणून मीच घाबरले आणि रेघ एक बरणी पुढे सरकवली. आता नाही घाबरत."

तिने हातानेच रेघ पुसली, दुसरीनंतर मारली, आणि पावडर निम्मी करायचा कागद स्वतः लिहून सही केली. सरांनी तिसरी बरणी फळीवर परत ठेवली.

बावीस वर्षांत माझी सही कुणी मागितली नव्हती. त्या दिवशीही नव्हती मागितली. मी तिच्या सहीखाली केली.