परिणाम आठवा

आमच्या बायकोच्या मामांना न विचारता जगातली सगळी युद्धं सुरू झाली, ही जगाचीच चूक, असं मामांचं प्रामाणिक मत होतं. मामा पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार. दुसऱ्या महायुद्धात थेट इटलीपर्यंत जाऊन आलेले. मिशा अजून ड्यूटीवरच होत्या. मामींनी जेवायला हाक मारली तरी ‘हजर!’ म्हणायचे आणि कोथिंबीर आणायला निघाले तरी डावा पाय आधी टाकायचे. पासष्ट साली रेडिओवर लढाईच्या बातम्या लागल्या की गल्लीत कोणाला शिंकायची सोय नव्हती.

गंगावेशीतल्या दुधाच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी ते महायुद्ध समजावून सांगत. शेजारी म्हैस, हातात फेसाळ दुधाचा पेला. “ह्या तालमीच्या गड्यानं त्या तालमीच्या गड्याला धक्का मारला. मारला तर मारला! पण त्येचा मेव्हणा मधी पडला. मेव्हण्यामागं गल्ली, गल्लीमागं पेठ. झालं की महायुद्ध!”

“पण मामा, आपण कशाला गेलो?” मी विचारलं. मी शाळेत इतिहास शिकवतो. मला खरंच उत्तर हवं होतं.

“भांडान भाडेकऱ्याचं, जावईबापू. आन् आपुन घरमालक असून काठी घिऊन त्येच्या म्होरं!”

हे मी वर्गात सांगितलं असतं तर नोकरी गेली असती.

दर जूनमध्ये इतिहासाचं पुस्तक आलं की मामा दारात हजर. “वाचा.” मी महायुद्धाचा धडा वाचायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. “कारणं पाच, परिणाम सात, आन् माणूस एकबी न्हाय? आमचा दादू कुठं हाय?” दादू नेसरीचा, त्यांच्याच तुकडीतला. दोघं एका ताटात जेवायचे. इटलीतल्या एका नदीकाठी तो राहिला तो राहिलाच. “नेसरीच्या खिंडीतलं सात स्वार तीनशे वर्सं झाली तरी पुस्तकात हायत. ह्यो आठवा. एका वळीची जागा न्हाय व्हय?” पुस्तक मी लिहीत नाही, हे त्यांना कधीच पटलं नाही. छापखान्यानं यंदाही चूक केली, असं म्हणून ते चहा घ्यायचे.

शेवटच्या जूनमध्ये त्यांना दिसेनासं झालं होतं. मी सात परिणाम वाचले. त्यांचा चेहरा पाहिला आणि न छापलेली ओळ वाचून टाकली, “परिणाम आठवा. नेसरीचा दादू परत आला नाही.” मामा भिंतीला धरून उठले आणि सावधान उभे राहिले. चहा तसाच राहिला. दिवाळीआधी मामा गेले. मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं.

खोटं वाचलं होतं, ते खरं करणं भाग होतं. पुढच्या वर्षी वर्गात परिणाम सांगताना आठवाही लिहून दिला. परीक्षेत पहिल्या सातांची पोरांनी दाणादाण उडवली, पण एक मुलगी सोडली तर आठवा कोणाचाच चुकला नाही. तिनं घाईत शेवटचा शब्द गाळला होता. ‘नेसरीचा दादू परत आला.’

मी लाल पेन उघडलं. मग पूर्ण गुण दिले.