हिरा आत्याचे गार हात

हिरा आत्याचे हात नेहमी गार असत. नवापूरच्या किनाऱ्याला होडी लागली की ती टोपलीत बर्फाचा चुरा आणि पापलेटं यांचे थर लावी, आणि बोईसरच्या बाजारातून परतल्यावर तेच खारट, गार हात माझ्या कपाळावर ठेवी. वडिलांच्या पश्चात तिनेच मला वाढवलं, शिकवलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. तारापूरच्या कारखान्यात प्रयोगशाळेचा पांढरा कोट प्रथम अंगावर चढवला, तेव्हा बाहीला मासळीचा वास येतो का, ते मी हुंगून पाहिलं. आला नाही, तेव्हा थोडं वाईटच वाटलं. कृतज्ञतेला गंध असेल, तर तो दुसरा कुठला असणार?

त्याच आत्याचा स्तनाचा कर्करोग आता कमरेच्या हाडात उतरला आहे. औषधं चालू आहेत, पण तिथली वेदना हटत नाही. बाजारात बसणं सुटलं. ओट्यावर एका कुशीला कलून ती वाळत्या बोंबलांवरचे कावळे नुसत्या तोंडाने हाकलते. मुंबईच्या डॉक्टरांनी एक मार्ग सुचवला. स्कॅनवर पाहत बारीक सुया हाडातल्या गाठीत न्यायच्या आणि टोकाशी तीव्र थंडी निर्माण करून ती गाठच गोठवायची. सगळा रोग त्याने जाणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. दुखणं मात्र बरंच कमी होऊ शकतं.

आत्या ऐकून हसली. "मेल्या, बर्फात घातलेलं टिकतं. जलमभर मी दुसरं काय केलं? आता रोगाला बी ताजा ठेवतोस काय?"

डॉक्टरांचं नाव काढताच म्हणाली, "डाक्तरानं कदी मासली इकली हाय? मी नाय येनार."

तिच्याकडून तारापूरला परतताना आधी मला हसू आलं, मग आलं नाही. जिच्या आयुष्यात बर्फाने केवळ राखणच केली, तिने त्याच्या हाती शस्त्र आहे हे कसं मानावं? समजूत चुकीची होती, पण ती तिच्या साऱ्या कष्टांतून आली होती. उत्तरही तिथूनच यायला हवं होतं. फोनवर आत्या मला बोलू देत नाही. चौथीपर्यंत शिकलेली ती, लिहिलेलं मात्र अक्षराअक्षरावर बोट ठेवून वाचते. म्हणून नवापूरच्या रिक्षावाल्याबरोबर हे पत्र पाठवलं.

"ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.
एकदा गोठून बर्फ सुटलेली मासळी पुन्हा गोठवू नका, लगदा होतो, असं तू गिऱ्हाइकांना बजावायचीस. डॉक्टर त्या गाठीचं तेच करणार आहेत. गोठवणार, सुटू देणार, पुन्हा गोठवणार. मासळीचं जे तू कधी होऊ दिलं नाहीस, ते आपण या गाठीचं मुद्दाम करू. किती आराम पडेल, ते मी छातीठोकपणे सांगत नाही. पण न करता बसणं मला मान्य नाही. मंगळवारी सकाळी गाडी घेऊन येतो. राग असेल तर तो गाडीत बसून कर. मला आत सोडणार नाहीत, मी दाराशीच असेन. तू बाहेर आलीस की या वेळी माझा हात तुझ्या कपाळावर असेल. तो गार नसेल, तेवढं चालवून घे.
तुझा,
महेश"