चूल तीन दिवस बंद होती

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पुरुषमाणूस नाहीतर परकं माणूस समोर आलं की माझा पदर पुढे येतो आणि विचारलं तेवढ्याचंच उत्तर तोंडातून निघतं. त्याच्यापुढचं आतच राहतं. जे झालं ते त्यामुळेच झालं, म्हणून मुलीच्या जुन्या वहीत लिहून ठेवते आहे. कोणाला दाखवायचं नाही.

आमचं गाव पोखर्णीपासून थोडं आत आहे. दरवर्षी दिवाळी झाली की मी आणि मालक ऊसतोडीला जातो. यंदा मी गेले नाही. सासूच्या अंगावरून वारं गेलं होतं. एक बाजू लुळी पडली होती, बोलणं कळत नव्हतं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. मालक चुलत भावाला जोडीला घेऊन कर्नाटकात गेले. घरी मी, आत्याबाई आणि बारावीला असलेली मुलगी.

कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा लावल्याशिवाय धान्य मिळत नाही. आत्याबाईंचा हात उचलत नव्हता. माझा अंगठा वीस वर्षं पाचट ओढून आणि मोळ्या बांधून गुळगुळीत झालेला, मशीन तो ओळखत नव्हतं. आधी मोबाईलवर नंबर यायचा, तो सांगून काम भागायचं. तो मोबाईल मागच्या साली उसाच्या फडात हरवला. मुलीचं नाव तर कार्डावर चढलेलंच नव्हतं. दुकानदार वाईट माणूस नाही. मला हात धुऊन यायला सांगायचा, परत लावायला सांगायचा, मग म्हणायचा, "वैनी, मशीन न्हाई म्हणायलंय. मी काय करू?" मालक घरी होते तोवर त्यांचा अंगठा चालत होता, ते गेल्यापासून असे चार महिने गेले. गावात माझ्यासारखी दहा-बारा घरं होती, सगळी ऊसतोडीची.

पण आम्ही उपाशी नव्हतो. मी कापूस वेचायला जायची, हरभरा काढायला जायची. ज्वारी विकत आणायची, कमी पडलं तर भावकीतून पीठ उसनं आणायची. आत्याबाईंना कण्या पातळ शिजवून चमच्यानं भरवायची. एक घास गिळायला त्यांना लय वेळ लागायचा. मी बसून राहायची.

हरभरा निघाला त्या आठवड्यात आत्याबाई गेल्या. मालक दुसऱ्या दिवशी पोचले. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे पुरुष राख सावडायला गेले आणि तेवढ्यात दारात गाडी थांबली. विरोधी पक्षाचे एक आमदार दुसऱ्या जिल्ह्यातून आले होते. ऊसतोडीच्या लोकांना धान्य मिळत नाही, ते अधिवेशनात मांडायचं म्हणून गावोगाव फिरत होते. गावातला त्यांचा कार्यकर्ता त्यांना घेऊन आला होता, घरातली म्हातारी गेली एवढं त्याने त्यांना सांगितलं होतं. आमदार बाहेर बाजेवर बसले. त्यांच्यासोबतची मुलगी वही घेऊन आत आली. शहरातली होती, पण चांगली होती, चप्पल काढून आली.

"ताई, रेशनचं धान्य मिळतं का?"

"चार महिने न्हाई."

तिने चुलीकडे पाहिलं. चुलीत थंड राख होती.

"चूल किती दिवस पेटली नाही?"

"तीन दिवस."

आमच्यात राख सावडेपर्यंत घरची चूल पेटवत नाहीत. भावकीतून भाकरी-पिठलं येतं, तेच खायचं. हे तिला कसं माहीत असणार? आणि मलाही वाटलं नाही की सांगायला पाहिजे. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं. तिने चुलीचा फोटो काढला. जाताना माझ्या हाताला हात लावला, तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, आत्याबाईंसाठी भरले.

तेरावा झाला, मालक परत गेले. मग एक दिवस मुलीने मोबाईल माझ्यापुढे धरला. विधानसभा चालू होती. ते आमदार उभे होते आणि बोलत होते, ऊस तोडणाऱ्या बाईच्या अंगठ्यावरच्या रेषा कशा जातात, मग त्या बाईला सरकार ओळखत नाही, मशीन नसताना हीच बाई धान्य नेत होती की नाही. एकेक शब्द खरा होता. मला वाटलं, हे माझ्या मनातलं याला कुणी सांगितलं. मग ते म्हणाले, "अध्यक्ष महोदय, परभणी जिल्ह्यातल्या एका घरात मी स्वतः गेलो. तीन दिवस चूल पेटलेली नव्हती. म्हातारी गेली. हा भूकबळी आहे." आणि चुलीचा फोटो वर धरला.

गोंधळ झाला. मंत्री उठून म्हणाले, चौकशी करून सभागृहाला सांगू.

मुलगी म्हणाली, "माय, ही तर आपली चूल हाय."

दुसऱ्या दिवशी हापशावर गेले तर बाया गप्प झाल्या. माझी चुलत जाऊ घागर उचलत म्हणाली, "आमाला वाटलं म्हातारी वाऱ्यानं गेली. आता कळालं, सुनेनं उपाशी ठिवली."

दुसरी म्हणाली, "मुंबईवाल्यांना समदं दिसतंय बाई. आपुन भाकरी नेऊन देऊ देऊ मेलो, ते दिसलं न्हाई."

त्या हसल्या. मी अर्धी घागर घेऊन घरी आले. कण्यांचा वाडगा अजून फळीवर होता. तो मी त्या दिवशी घासून आत ठेवून दिला.

मालकाचा फोन आला. "काय बोललीस तू त्यांना?"

"इचारलं तेवढंच."

"मुकादम समद्यांपुढं म्हणला, तुझी माय भुकेनं मेली आन तू हितं ऊस तोडायलास. तोंड दाखवू वाटंना मला."

आणि फोन बंद झाला.

मग कार्यकर्ता आला. "ताई, उद्या तालुक्याहून साहेब यायलेत. भुकेनं गेल्या एवढंच म्हणा. तुमी फिरलात तर आमदारसाहेबांवर हक्कभंग आणतील, सभागृहात खोटं बोलले म्हणून. मग त्या दहा-बारा घरांचं बी कोण ऐकणार?"

"पण त्या भुकेनं न्हाई गेल्या."

"मला माहीत हाय ओ. पण धान्य तर न्हाई मिळालं ना?"

त्याचं म्हणणं मला कळत होतं, हीच अडचण होती. भुकेनं गेल्या म्हणावं तर मी आत्याबाईंना उपाशी मारलं हे माझ्याच तोंडानं कबूल होत होतं, जन्मभरासाठी. सगळं खोटं म्हणावं तर माझं नाव धुऊन निघत होतं, पण अंगठ्याचं गाऱ्हाणं तिथंच संपत होतं.

साहेब आले, सोबत तलाठी होता. कागद टाईप करूनच आणला होता. मुलीने वाचून दाखवला. सासूचा मृत्यू आजाराने झाला. आम्हाला धान्य नियमित मिळते. सभागृहात सांगितलेली माहिती खोटी आहे. दारात सगळी गल्ली जमली होती. जाऊ होती, मागे दुकानदार होता. त्याचा चेहरा उतरला होता.

पहिली ओळ मला इतकी पाहिजे होती की माझा हात पेनाकडे गेला. जाऊ बघत होती. सही केली असती तर त्याच घडीला हापशावरचं बोलणं बंद झालं असतं.

"बाई, करा सही. पुढं दोन गावं राहिलीत," साहेब म्हणाले.

मी म्हणाले, "कोरा कागद द्या." कोणाला ऐकू गेलं नाही. मुलगी म्हणाली, "ती कोरा कागद मागायलीय."

तलाठी हसला. "आता काय पत्र लिहिता का मामाला?"

कागद मिळाला. मी जमिनीवर बसून लिहिलं. वेळ लागला, जोडाक्षर आलं की थांबावं लागत होतं. दारातले लोक बघायला पुढे सरकले. लिहिलं ते असं: माझी सासू आजाराने गेली, भुकेने नाही. मी तिला रोज भरवत होते. तीन दिवस चूल बंद होती ती सुतकामुळे. मी ते सांगितले नाही, ही माझी चूक. चार महिने धान्य मिळाले नाही, हे खरे आहे. माझा अंगठा मशीन घेत नाही. दुकानदाराचा दोष नाही. खाली सही केली.

साहेबांनी वाचलं. "असं दोन्हीकडून कसं चालंल? एक काहीतरी लिहा."

"दोन्ही खरंय," मी म्हणाले. हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

साहेबांनी टाईप केलेला कागद परत पुढे केला. मी हात मागे घेतले. त्यांनी घड्याळ बघितलं आणि माझा कागद फाईलमध्ये घातला. त्याआधी मुलीने मोबाईलवर त्याचा फोटो काढून घेतला होता. तो तिने आमदारांसोबतच्या त्या वहीवाल्या मुलीला पाठवला, ती त्या दिवशी आपला नंबर देऊन गेली होती. मला नंतर सांगितलं.

चार दिवसांनी आम्ही परत मोबाईलवर बघितलं, मंत्री बोलायला उठले. त्यांनी वाचलं, "माझी सासू आजाराने गेली, भुकेने नाही, असे सुनेने स्वतःच्या हाताने लिहून दिले आहे." आणि कागद खाली ठेवला. बाकं वाजली. 'माफी मागा' म्हणून ओरडा झाला. माझं नाव धुऊन निघालं होतं, पण धान्याची ओळ त्यांनी वाचलीच नव्हती.

आमदार उभे राहिले. बराच वेळ त्यांना बोलू दिलं नाही. मग म्हणाले, "भूकबळी हा शब्द मी मागे घेतो. माझी चूक झाली. त्या घरात सुतक होतं, ते मी विचारलं नाही." पुन्हा हसणं, ओरडणं. "आता मंत्रिमहोदयांनी जे वाचलं नाही ते वाचतो. त्याच कागदावर आहे." घंटा वाजली. अध्यक्ष बसा म्हणत होते, ते वाचत होते. धान्याची ओळ झाली, अंगठ्याची झाली. दुकानदाराची ओळ गोंधळात गेली. मंत्री बसूनच म्हणाले, तपासून घेऊ.

कार्यकर्ता त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. जाऊही हापशावर काही बोलत नाही. फक्त एकदा सांजेला आली आणि माझ्यापुढे अंगठा धरला. "माजा बी येत न्हाई. माजा बी कागद लिहून दे." तिच्या अंगठ्यावरही काही उरलेलं नव्हतं. मी लिहून दिला. मग आणखी तिघी आल्या. प्रत्येकीचा लिहिताना मला भीती वाटत होती, आता हिचं काय होईल म्हणून.

मशीन तेच आहे. पण परवा तलाठ्याने दुकानदाराला सांगितलं की ज्यांचा अंगठा येत नाही त्यांना या महिन्यापुरतं वहीवर सही घेऊन द्या. पुढच्या महिन्याचं त्यालाही माहीत नाही. मी दुकानात गेले. दुकानदाराने गहू-तांदूळ मोजला आणि एक फॉर्म पुढे केला. आत्याबाईंचं नाव कार्डावरून कमी करायचं होतं.

"हितं कारण लिवा, वैनी. मयत म्हणून. एवढंच लागतंय."

मी लिहिलं, आजाराने मयत.

तो म्हणाला, "नुसतं मयत चालतंय."

मी म्हणाले, "असू द्या."