एक ही लाइन तो है!

आमच्या ऑफिसातले किस्से मी मुद्दाम जमवत नाही. झाकण न लावलेल्या डब्यात धूळ जमते तसे ते आपोआप जमतात. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात आमच्या सरकारी क्वार्टरवर चार मराठी टाळकी चहाला आली की कोणीतरी म्हणतंच, "मनीषा, चलो, नोएडाच्या ऑफिसचं काहीतरी होऊन जाऊ दे!" मी सांगते. सगळे पोट धरून हसतात. मी हसत नाही. मला सांगतानासुद्धा कानशिलं तापतात. तुम्ही खुशाल हसा, पण शेवटच्या किश्श्याआधी चहा संपवून ठेवा.

आधी काम काय होतं ते सांगते, नाहीतर माझा राग कळायचा नाही.

आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. हल्ली कोणाचंच सॉफ्टवेअर पूर्ण घरचं नसतं. जगभरातल्या लोकांनी लिहून नेटवर मोकळा ठेवलेला कोड सगळेच घेतात. आता मोकळा म्हणजे बेवारस नव्हे! लिहिणाऱ्याची अट असते, तिला लायसन्स म्हणतात. कोणी म्हणतो, घ्या, फक्त माझं नाव राहू द्या. कोणी म्हणतो, घ्या, पण तुम्ही केलेले बदलही असेच सगळ्यांना द्या. पूर्वी ही अट पानभर मजकुरात, वाटेल तिथे, वाटेल तशी लिहिलेली असायची. आता त्यासाठी एक ठरलेली ओळ आहे. ती फाइलच्या माथ्यावर लिहिली की माणसालाही कळतं आणि मशीनलाही. बिस्किटाच्या पुड्यावरच्या हिरव्या ठिपक्यासारखं.

आमच्या बंगळुरूच्या क्लायंटने सांगितलं, प्रत्येक फाइलवर ती ओळ हवी, नाहीतर माल घेणार नाही. आमचे बॉस मल्होत्रा सर. त्यांनी मला बोलावलं आणि चुटकी वाजवली. "मॅडम, छोटा सा काम है. एक ही लाइन तो है!"

फाइली हजारो! प्रत्येक फाइल कुठून आली, कोणी लिहिली, त्याची अट काय, हे शोधायचं आणि मग ती ओळ लिहायची. अहो, मंगळसूत्रही एकच असतं, म्हणून काय समोर दिसेल तिच्या गळ्यात घालायचं?

* * *

पहिल्याच मीटिंगमध्ये सरांनी विचारलं, "लायसन्स कौन कौन से होते हैं?"

मी चार-पाच सांगितली. सर शांतपणे म्हणाले, "जो सबसे अच्छा है वो सब पे लगा दो."

म्हटलं, "सर, दुसऱ्याच्या फाइलवर आपल्या मर्जीने नाही लावता येत." हिंदीतच म्हटलं, पण तुम्हाला मराठीत सांगते, कारण हिंदीत मला नीट चिडता येत नाही.

"क्यों? हमारे कंप्युटर में पड़ी है ना? तो हमारी."

सर दिल्लीतल्या पंजाबी बाग वस्तीत राहतात. तिथे रोज पार्किंगवरून महाभारत होतं, हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. मी विचारलं, "सर, तुमच्या गेटसमोर कोणी गाडी लावली, तर ती तुमची होते का?"

सर ताडकन उठून उभे राहिले. "मेरे गेट के सामने? मैं चारों टायर की हवा निकाल देता हूँ!"

मीटिंग तिथेच संपली. मला वाटलं मुद्दा पोचला. नव्हता पोचला! त्यांनी दिवसभर मला शेजाऱ्यांच्या गाड्यांचे फोटो दाखवले.

* * *

मग आमच्या लीगलच्या मॅडम. गुरगावहून यायच्या, येताना ट्रॅफिकवर चिडलेल्या असायच्या आणि जाताना ट्रॅफिकच्या भीतीने लवकर निघायच्या. मधल्या वेळात त्यांनी एक हुकूम काढला. प्रत्येक फाइलवर "कॉन्फिडेन्शियल" लिहा.

मी म्हटलं, "मॅडम, खालच्या ओळीत लिहिलंय की ही फाइल कोणीही घ्यावी, वाटावी. आणि वरच्या ओळीत गोपनीय?"

त्यांनी पर्स उचलली. "दोनों रखो यार. कोर्ट में जो काम आ जाए!"

घरी येऊन मी नवऱ्याला हे सांगितलं. तो केंद्र सरकारच्या नोकरीत, आयुष्य नोटशीटवर गेलेलं. मला वाटलं सरकारी माणूस आहे, हसेल. तो गंभीर झाला. म्हणाला, "आमच्याकडे आधीच्या माणसाने फाइलवर कितीही गाढवपणा लिहिलेला असो, आम्ही तो खोडत नाही. त्याची सही तशीच ठेवायची आणि खाली आपला गाढवपणा लिहायचा. शिस्त म्हणजे शिस्त!"

सरकारी कारभाराला मी आयुष्यभर नावं ठेवली. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, मल्होत्रा सरांना चार महिने त्याच्या सेक्शनला पाठवावं.

* * *

सरांच्या डोक्यात आणखी एक किडा होता. एक ओळ दिसली तर क्लायंटला वाटेल, पैसे घेतले आणि काम काहीच केलं नाही. "मॅडम, भरा-भरा दिखना चाहिए. पूरा पेज डालो."

ओळ शोधलीच आहे ते पान टळावं म्हणून, हे मी दोनदा सांगितलं. ऐकतोय कोण! टीममधल्या निशांतला बसवून सरांनी एक प्रोग्रॅम लिहून घेतला. प्रोग्रॅमने दिसेल त्या फाइलच्या डोक्यावर पानभर मजकूर चिकटवला. दिसेल त्या म्हणजे खरंच दिसेल त्या! त्याच सर्व्हरवर एचआरच्या शुभेच्छांच्या मेल ठेवलेल्या होत्या. वाढदिवस, बढती, लग्न.

पुढच्या आठवड्यात निशांतचंच लग्न झालं. ऑफिसकडून नवरा-नवरीला मेल गेली. वर लिहिलं होतं, "ही वस्तू जशी आहे तशी दिली जात आहे. कोणत्याही प्रकारची वॉरंटी नाही. वापरातून काही नुकसान झाल्यास बनवणारे जबाबदार राहणार नाहीत." आणि त्याखाली, "अभिनंदन, निशांत!"

एचआरने मला झापलं. मला! मी पान नको म्हणत होते, त्या मला!

निशांत रजेवरून आला तो पडलेल्या चेहऱ्याने. "मॅडम, मेरी वाइफ ने प्रिंट निकालके फ्रिज पे लगा दिया है. कल मेरी मम्मी ने पढ़ा, और बोलीं, बिल्कुल सही लिखा है."

* * *

आता सलीमभाईंबद्दल सांगायला हवं. सलीम तांबोळी माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. मूळचे सोलापूरचे. वडील फरीदाबादला कारखान्यात लागले, तेव्हापासून घर तिथेच. ऑफिसात आम्ही दोघंच मराठी बोलणारे, त्यामुळे सरांबद्दल मोकळेपणाने बोलता येतं. अर्थात बोलते मी. ते डबा उघडतात आणि "जाऊ द्या हो ताई" म्हणतात.

फरीदाबादच्या मराठी मंडळाचे जुने अंक एका जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले होते. नव्या कंप्युटरवर उघडले की नुसती चिन्हंच दिसायची. सलीमभाईंनी आणि त्यांच्या बायकोने, रुखसानाने, ते पुन्हा मराठी करणारा कोड घरी बसून लिहिला. आमच्या कंपनीत यायच्या कितीतरी आधी. रुखसाना शाळेत शिकवायची. कोणत्या चिन्हामागे कोणतं जोडाक्षर लपलंय, याचे तक्ते तिने एकेक अंक डोळ्यांखालून घालून केले. "यंत्र तुमचं, अक्षरं माझी," असं ती म्हणायची. दोघांनी तो कोड नेटवर मोकळा ठेवला. घ्या, वापरा, विकासुद्धा. फक्त बदल कराल तर तेही मोकळे ठेवा आणि आमची नावं काढू नका. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर दोन नावं, सलीम तांबोळी आणि रुखसाना तांबोळी.

रुखसाना काही वर्षांपूर्वी आजारपणात गेली. मूलबाळ नाही. आमच्या कंपनीने तोच कोड घेऊन आपलं सॉफ्टवेअर उभं केलं. सलीमभाई रोज सकाळी काम सुरू करताना त्यातली एखादी फाइल उघडतात. का, ते मी कधी विचारलं नाही.

गौरींसाठी मी रजेवर गेले. परत आले तर सलीमभाई स्क्रीनसमोर बसलेले, डबा तसाच बंद. दोन्ही नावं गायब! त्या जागी आमच्या कंपनीचं नाव, आणि खाली "सर्व हक्क आमचे" अशा अर्थाची ओळ. सरांनी माझ्या पाठीमागे निशांतला सांगून ते करून घेतलं होतं.

"जाऊ द्या हो ताई" हे त्या दिवशी ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "माझं नाव गेलं तर जाऊ द्या. तिचं तेवढं परत येईल का बघा."

* * *

मी तडक सरांच्या केबिनमध्ये गेले. दार वाजवलं नाही.

सर हसतच म्हणाले, "अरे मॅडम, आप तो सरोजिनी मार्केट के बाजू में रहती हो. वहाँ शर्ट का लेबल काटके ही बेचते हैं. माल तो वही रहता है ना!"

"सर, सरोजिनीचा दुकानदार लेबल कापतो, पण त्या जागी स्वतःच्या नावाचं शिवत नाही. एवढी लाज त्यालाही असते."

सरांचं हसू मावळलं. "सलीम का नाम कहीं पीछे डाल देंगे. ठीक है? पर ये रुखसाना तो हमारी एम्प्लॉई भी नहीं थी."

"सर, ती आता या जगातच नाही."

सरांनी दोन्ही हात पसरले. "तो फिर ऑब्जेक्शन किसको है?"

माझ्या हातात पाण्याची बाटली होती. ती मी फेकली नाही, याचं श्रेय माझ्या आईच्या संस्कारांना. पण सांगते, माणसाला संताप येतो म्हणजे काय होतं, ते मला त्या क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी लेखी हरकत दिली. उत्तर आलं, "नोटेड." संपलं! आमच्याकडे कचऱ्याच्या टोपलीला नोटेड म्हणतात.

* * *

आणि हा शेवटचा. झाला का चहा?

क्लायंटच्या मॅडम बंगळुरूहून माल तपासायला आल्या. शांत बाई, सुती साडी, आवाज खालचा. कॉन्फरन्स रूममध्ये सर, लीगलच्या मॅडम, निशांत, मी आणि सलीमभाई. समोसे आलेले. सरांनी सुरुवात केली, "एव्हरी फाइल हॅज द लाइन, मॅम. शंभर टक्के आमचं स्वतःचं काम!"

बाईंनी बॅगेतून लॅपटॉप काढला. त्यांच्याकडे तपासणीचं एक टूल होतं. आपली फाइल नेटवरच्या मूळ कोडशी ताडून बघणारं. मोठ्या स्क्रीनवर डावीकडे आमच्या फाइली, उजवीकडे मूळ. मजकूर अक्षर न् अक्षर तोच. फरक फक्त माथ्यावर. उजवीकडे प्रत्येक फाइलवर दोन नावं. बाई फाइली खाली सरकवत राहिल्या आणि भिंतभर रुखसाना तांबोळी, रुखसाना तांबोळी, रुखसाना तांबोळी.

खोलीत कोणी समोसा चावत होतं, ते थांबलं.

बाई इंग्रजीत म्हणाल्या, "सलीम इथे बसलेत, ते कळलं. या दुसऱ्या कोण? दोघांची नावं आणि मूळची लायसन्सची ओळ आत्ता, माझ्यासमोर परत लावा. नाहीतर मी हा माल घेणार नाही. आणि तुम्हाला लायसन्स बदलायचंच असेल, तर दोघांची संमती लागेल. या रुखसानाबाईंना बोलवता का जरा?"

मी सरांकडे बघितलं. सर निशांतकडे, निशांत समोशाकडे. सरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मॅम, शी इज ऑन लीव्ह."

देवाशप्पथ! असंच म्हणाले!

निशांतने मान खाली घालून लॅपटॉप पुढे ओढला आणि दोन्ही नावं परत चढवायला लागला. मूळशी जुळेल तशी स्क्रीनवर एकेक फाइल हिरवी होत गेली. बाईंनी शेवटपर्यंत बघितलं, मान हलवली आणि डायरी उघडून विचारलं, "ओके. बाईंशी मी नंतर बोलीन. कधी येतायत त्या रजेवरून?"

सरांनी फोनमधलं कॅलेंडर उघडून बघितल्यासारखं केलं. "मंडे, मॅम. मंडे पक्का."

सलीमभाई इतका वेळ स्क्रीनकडे बघत होते. त्यांनी मान वळवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सर, मंडे को मेरा हाफ डे लगा दीजिए. लेने जाना पड़ेगा."