चार हजार स्पीडचं लग्न

खासबागेत कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान काढलं की असले किस्से आपोआप साठतात. जुने कीबोर्ड निदान भंगारात तरी जातात, किस्से कोण घेणार? आणि माझे निम्मे किस्से एकट्या परशरामचे.

परशरामचा अनगोळात फोटो स्टुडिओ. बहिणीचं लग्न त्यानंच शूट केलं आणि 'दिवाळसणाला निपाणीत घरी सगळ्या पाव्हण्यांना फिल्म दाखवतो' असा शब्द देऊन बसला. घरची शेती सोडून कॅमेरा धरलेला माणूस. बहिणीच्या सासरच्यांपुढं नाक राखायचं होतं. आणि कॉम्प्युटर तर एडिटिंग करताना ऐन अक्षतांना येऊन बंद पडायचा.

बघतो तर साहेबांनी रॅमचा स्पीड स्वतःच वाढवून ठेवलेला. म्हटलं, "रॅमवर बत्तीसशे छापलंय, तू चार हजारावर कशाला पळवतोस रं?"

"सेटिंगमध्ये चार हजार दिसतंय की अण्णा. चालत न्हाय तर ठेवलंय कशाला?"

बत्तीसशे करून पाठवला. थोड्याच दिवसांत परत हजर. आता आधीच्या रॅमशेजारी कुठली तरी चोवीसशेची जुनी रॅम खोचून आणलेली. मी समजावलं, "आता दोन्ही चोवीसशेनंच चालणार. एक बैल हळू असला की जोडी हळूच जाते."

शेतकऱ्याच्या घरात वाढलाय, पटेल असं वाटलं. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "व्हय. मग त्या हळू बैलाला तेवढं चार हजार करा."

खंडेनवमीला तर कहर झाला. सगळे कॉम्प्युटरला बाहेरून हळदकुंकू लावतात. यानं कॅबिनेट उघडून थेट रॅमला लावलं! मी ओरडलो, तर शांतपणे म्हणतो, "राबतंय आतलं आणि मान बाहेरच्या डब्याला व्हय अण्णा?" नशीब, कुंकू कोरडं होतं. खाचेतून ब्रशनं ते काढता काढता माझी मान धरली.

दिवाळी जवळ आली. चिडून मी जुनी रॅम काढून फेकली, बत्तीसशे ठेवलं, सेटिंगला पासवर्ड घातला आणि तो परशरामला सांगितलाच नाही. कॉम्प्युटर एकदाही अडकला नाही. फिल्म पुरी झाली. तो अख्खा कॉम्प्युटर गाडीत घालून निपाणीला गेला तेव्हा माझाच जीव भांड्यात पडला. कितीही छळलं तरी पोराची लाज राहावी असं मनापासून वाटत होतं.

दिवाळसणाला त्याच्या बहिणीचा फोन. मागं सनई चाललेली.

"अण्णा, दादानं सगळं लग्न स्लो मोशनमध्ये केलंय. जेवणं झाली तरी मी आत्ता कुठं माळ घालायला हात उचललाय. सासरे झोपले."

मी काही बोलायच्या आत परशरामनं फोन घेतला. आवाज रडवेला.

"अण्णा, तुम्ही स्पीड कमी केला म्हणून हे झालं. पाव्हणं उठाय लागल्यात. तो पासवर्ड तेवढा सांगा."